परत न घेतलेली सुपारी

एका राज्यात एक चाल होती. बांधकाम कोणतेही असो, गोठा असो की गढी, मालकाने कारागिराला घरी बोलवावे, पाटावर बसवावे आणि विड्याच्या पानावर तीन सुपाऱ्या ठेवून पान पुढे करावे. पहिली सुपारी वेळेची. दुसरी मोलाची. तिसरी कामाची. कारागिराने तिन्ही उचलाव्यात, क्षणभर मुठीत धराव्यात, दोन आपल्या कनवटीला लावाव्यात आणि एक मालकाच्या हातावर परत ठेवावी.

ठेवून घेतलेल्या दोन गोष्टी कारागिराने सांभाळायच्या. परत आली ती मालकाने सोसायची. वेळेची आली तर थांबावे. मोलाची आली तर हात सैल सोडावा. कामाची आली तर जसे होईल तसे गोड मानावे. गोठ्याला कामाची परत घेतली तर चालते. विहिरीला चालत नाही. हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

राजाला ठाऊक असून उपयोग नव्हता. राजाचे नाव शूरपाळ. लढाईत त्याची पाठ कोणी पाहिली नाही. वडिलांनी मरताना त्याला एकच शिकवण दिली होती. राजाने दिलेली वस्तू परत घेऊ नये, घेतली तर सिंहासनाची शोभा जाते. शूरपाळाने ती शिकवण हाडात मुरवली होती.

राज्याच्या उगवतीला गहिरी नदी. नदीपलीकडे खाऱ्या तळ्यांचा मुलूख, आणि तेच राणी कमळजेचे माहेर. राणीला दिवस गेले. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीने ती निघाली. नावेत पाय ठेवताना तिने खालच्या काळ्या पाण्याकडे पाहिले आणि म्हणाली, “येताना माझ्या कडेवर मूल असेल. तेव्हा नाव नको वाटते.”

राजा म्हणाला, “येताना पुलावरून याल.”

एवढेच बोलणे झाले. नाव गेली.

राजाने काळोजी पाथरवटाला बोलावले. काळोजी दगडाला कान लावी आणि आपण कोणत्या कुशीवर निजणार ते दगड त्याला सांगे. त्याच्या हातचे बांधकाम हलत नसे. त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ रेवजी होता. काळोजी बोले थोडे, रेवजी बोले फार. दोघांचे मिळून बरोबर होई, असे लोक म्हणत.

दरबारात पाट मांडला. पानावर तीन सुपाऱ्या ठेवल्या. काळोजीने उचलल्या, मुठीत धरल्या आणि वेळेची सुपारी राजाच्या हातावर ठेवू लागला. राजाने हात मागे घेतला. सुपारी जमिनीवर पडली आणि घरंगळत काळोजीच्याच पायाशी आली.

“आम्ही दिलेले परत घेत नाही,” राजा म्हणाला. “तिन्ही ठेव.”

मग राजाने सांगितले की राणी परत येण्याच्या आत पूल व्हावा, ठरल्याहून एक दाणाही जास्त मिळणार नाही, आणि पूल असा व्हावा की सात राज्यांत तसा नसावा. काळोजीने भावाकडे पाहिले. त्या दिवशी रेवजीही काही बोलला नाही. काळोजीने वाकून सुपारी उचलली.

पूल उभा राहिला. कमानी जुळल्या. पण कमानीखालचे आधाराचे लाकूड अजून काढायचे होते, आणि चुना ओला होता. तोच पलीकडच्या काठावर राणीची पालखी दिसली. राजाने निरोप धाडला की लाकूड आत्ताच्या आत्ता काढावे. काळोजीने हो म्हटले.

त्या राज्यात आणखी एक रीत होती. लाकूड काढताना बांधणाऱ्याने स्वतः कमानीखाली बसायचे. रेवजी हसत जाऊन बसला. लाकडाखालच्या पाचरा निघाल्या, लाकूड पडले, आणि लाकडामागोमाग पूल पडला. पलीकडे राणी मूल पोटाशी धरून उभी होती. तिने ते पाहिले.

धुरळा बसल्यावर काळोजी काठावर उभा राहिला आणि बोलला.

“महाराज, तुम्ही काहीच सोसले नाही. आता ही नदी तुमच्या राज्याचे काही सोसणार नाही. नाव बुडेल. पोहणारा निघाल्या काठालाच लागेल. वळसा घालाल तर उगम मागे सरेल. पूल होईल तेव्हाच भेट होईल.”

नदीने ऐकले. शब्द संपले तसे काळोजीचे स्वतःचे पाय दगडाचे झाले आणि दगड कमरेपर्यंत चढला. रागाने दिलेल्या शापाचा वाटा देणाऱ्यालाही मिळतो.

पडलेल्या दगडांमधून एक टिटवी उडाली. ती माणसाच्या वाणीने म्हणाली, “मला नदी अडवत नाही. मी निरोप नेईन. पण एका खेपेला एकच वाक्य. त्याहून जास्त वजन मला पेलत नाही.”

ती पलीकडे गेली आणि राणीचे पहिले वाक्य घेऊन आली. मुलगी झाली, नाव शेवंती ठेवले.

राजाने वाक्य दिले, “लवकरच येतो.”

दोन्ही काठांवर माणसे अडकली. सासरी आलेल्या माहेरी जाईनात. पलीकडे लग्न ठरलेले नवरदेव अलीकडे बाशिंग सांभाळत बसले. राजाने नावा सोडल्या, त्या बुडाल्या. स्वार उगमाकडे धाडले. ते दाढ्या वाढवून परत आले आणि म्हणाले की नदी अजून पुढेच आहे.

मग एक दिवस फुंकरनाथ नावाचा जोगी आपणहून आला. अंगाला राख, गळ्यात शंख. त्याने विचारले की पूल हवा का. दिवस मावळायच्या आत बांधतो म्हणाला, आणि मोल म्हणून एका वेळचा शिधा मागितला. राजाने पानावर तीन सुपाऱ्या ठेवल्या. नाथाने उचलल्या आणि एक पुढे केली. राजा म्हणाला, “आम्ही दिलेले परत घेत नाही.”

“राजे असावेत तर असे,” नाथ म्हणाला, आणि त्याने तिन्हींतली एक सुपारी दाढेखाली धरून कटकन फोडली. राजाला वाटले, खाण्याची सवय असेल.

नाथाने शंख फुंकला. नदीवरचे धुके गोळा झाले, दाटले, आणि त्याचा पांढराशुभ्र पूल झाला. घोडा त्यावर पाय ठेवीना. राजा पायी निघाला. पाय रुतत होते, पण पूल धरत होता. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर पलीकडचा काठ नीट दिसला. राणी उभी होती. कडेवरची मुलगी आईच्या पदराचा शेव तोंडात घालून चघळत होती. इतके त्याला दिसले.

मग वारा फिरला. राजाच्या पुढच्या पावलाखाली पूल नव्हता. तो पडला, आणि नदीने त्याला आणून याच काठावर टाकले. नाथ शिधा घेऊन गेला होता. त्याने शब्द मोडला नव्हता. पूल लवकर झाला होता आणि स्वस्त झाला होता.

टिटवी राणीचे वाक्य घेऊन आली. “आपण फार वाळला आहात.”

राजा पुष्कळ वेळ त्या वाक्याजवळ बसला. तिने पाहिले होते तर. मग त्याने परत तेच वाक्य दिले. “लवकरच येतो.”

मग दक्षिणेकडून कांचनी नावाची जादूगारीण आली. तिची पालखी होती आणि पालखीला भोई नव्हते. ती म्हणाली की दगडाचा, घोटीव, जन्मभर टिकेल असा पूल ती देईल. राजाने सुपाऱ्या ठेवल्या. तिने एक पुढे केली. राजाने घेतली नाही. कांचनीने ती सुपारी जिभेखाली ठेवली, जशी एखादी बाई लवंग ठेवते.

तिने टाळी वाजवली आणि पहिली कमान उभी राहिली. दगडावर बोट आपटले तर घंटेसारखा नाद येई. ती म्हणाली, “या कमानीचे मोल तुमच्या खजिन्यातले सोने.” राजाने दिले.

दुसरी कमान उभी राहिली. “या कमानीचे मोल तुमच्या राज्यातल्या मिठाची चव.” राजाला हसू आले. ते मोल त्याला फार वाटले नाही, त्याने दिले. त्या दिवसापासून राज्यात अन्न अळणी झाले. सासवांनी सुनांना बोल लावले, सुनांनी मिठाला लावले. आजारी माणसे पेजेची वाटी तोंडाजवळ नेऊन खाली ठेवू लागली. मग राजाला हसू आले नाही.

तिसरी आणि शेवटची कमान पलीकडच्या काठाला टेकायची होती. कांचनी म्हणाली, “या कमानीचे मोल तुमच्या मनातली राणीची आठवण. चेहरा, आवाज, नाव, सगळी.”

“ती दिली तर पलीकडे जाऊन मी कोणाला हाक मारू?”

“ते तुमचे तुम्ही पाहा. माझे काम पूल.”

राजाने डोळे मिटले. राणीचे नावेत पाय ठेवणे त्याला दिसले, पैंजण वर सरकवून धरणे दिसले. तो नाही म्हणाला. कांचनीने दोन्ही कमानी शालीसारख्या घडी करून बगलेत मारल्या आणि ती गेली. नेलेले तिने परत केले नाही. तिनेही शब्द मोडला नव्हता.

या खेपेला टिटवी राणीचे वाक्य घेऊन आली ते असे. “‘लवकर’ हा शब्द आता पाठवू नका.”

टिटवी उत्तरासाठी थांबली. राजाकडे दुसरे वाक्य नव्हते. पुष्कळ वेळ थांबून टिटवी रिकामी उडाली. तिचे उडणे हलके होते. राजाला ते पाहवले नाही.

तो काठाकाठाने चालत काळोजीजवळ गेला. त्याच्या बाजूने तो अनेकदा गेला होता, मान वळवून. काळोजीच्या कमरेखालच्या दगडावर शेवाळ आले होते. खांद्यावर कावळे बसत. तो पाण्यात पडलेल्या दगडांकडे पाहत होता. राजा त्याच्याशेजारी जमिनीवर बसला. त्याआधी तो कधी कोणाच्या शेजारी जमिनीवर बसला नव्हता.

“दोन पूल झाले,” राजा म्हणाला. “दोन्ही गेले.”

“पाहिले,” काळोजी म्हणाला. “मी इथेच असतो.”

“चूक कुठे होते?”

काळोजीने पाण्यातल्या दगडांकडे बोट केले. मग त्याने सांगितले की तीन सुपाऱ्या कोणाच्याच पोटात मावत नाहीत. मालकाने एक परत घेतली नाही, तर कारागीर एक खातो. फुंकरनाथाने कामाची खाल्ली. कांचनीने मोलाची खाल्ली.

“खाणारा कोणती खाल्ली ते सांगत नाही,” तो म्हणाला. “ते मालकाला पूल पडल्यावर कळते.”

“तू कोणती खाल्लीस?”

“कामाची. तुम्ही लाकूड काढ म्हणालात. चुना ओला आहे हे मला ठाऊक होते. मी हो म्हणालो.” काळोजीने आपल्या दगडी मांडीवर हात ठेवला. “शाप तुम्हाला दिला. पाय माझे गेले. बरोबरच झाले.”

नदी वाहत होती. राजाने विचारले की आता सुपाऱ्या आणल्या तर तो काम घेईल का. काळोजी म्हणाला की आधी आणा, मग बघू. राजा उठला आणि स्वतः जाऊन पान आणि सुपाऱ्या घेऊन आला. पाट नव्हता, दरबार नव्हता. काळोजीने तिन्ही उचलल्या आणि वेळेची सुपारी राजाच्या हातावर ठेवली.

राजाचा हात मागे ओढ घेत होता. बापाची शिकवण हाडातून बाहेर येत नव्हती.

“हात मिटा,” काळोजी म्हणाला.

राजाने हात मिटला.

सुपारी मुठीत गेली आणि जड झाली. पाट्यावरच्या वरवंट्याएवढी जड. राजाने ती सेवकाच्या हाती दिली तर सेवकाचा हात रिकामाच राहिला आणि सुपारी परत राजाच्या मुठीत आली. राजाने ती शेल्यात बांधून छातीशी लावली. झोपताना, उठताना ती तिथेच असे.

काळोजीने तीन कामे सांगितली. पहिले, पडलेल्या पुलाचे दगड राजाने स्वतः नदीतून काढायचे. दुसरे, वाघजबड्याच्या डोंगरातून चुनखडी आणायची. तिसरे काम सांगताना त्याने राजाच्या डोळ्यांत पाहिले. “‘कधी’ असे विचारायचे नाही. विचारलेत तर चढलेला दगड उतरेल.”

राजा नदीत उतरला. दगड शापाने जड झाले होते. एक काढावा तर दिवस जाई. हाताची साले गेली, नखे गेली. लोक काठावर येऊन पाहत आणि जात. शेवटचा दगड उचलला तेव्हा खाली रेवजी होता. नदीने त्याला हात लावला नव्हता. चेहऱ्यावर कमानीखाली बसतानाचे हसू तसेच होते. राजाने त्याला खांद्यावर घेऊन काठावर आणले. काळोजीने भावाला पाहिले आणि त्याचे दगडाचे पाय सुटले. तो चालत चितेपर्यंत गेला. अग्नी त्याने दिला. राजा लाकडे वाहत होता.

मग राजा वाघजबड्याच्या डोंगरावर गेला. डोंगराच्या पोटात एक गुहा होती. एका बाजूला चुनखडी, दुसऱ्या बाजूला सोन्याने भरलेला हंडा. हंडा बोलला, “मला ओळखलेस? मी तुझाच खजिना. कांचनीने इथे पुरला. मला उचल आणि दुसरा कारागीर बघ. मी असताना माणूस थांबत नसतो.”

त्या हंड्याला हात लावणारा कशासाठी आलो ते विसरे. गुहेच्या तोंडाशी अशी पुष्कळ माणसे बसलेली होती. ती सोने मांडीवर घेऊन एकमेकांना विचारत होती की हे आपल्याला कशाला हवे होते. राजाने त्यांच्याकडे पाहिले. छातीवरची सुपारी चाचपली. मग चुनखडीची गोणी पाठीवर घेतली आणि डोंगर उतरला. सोने होते तिथेच आहे.

बांधकाम सुरू झाले. चुनखडी भट्टीत भाजली, विझवली, चुन्याच्या घाणीत घातली. बैल गोल फिरत, दगडी चाक चुना मळी. काळोजी त्यात गूळ घाली, हिरड्याचे पाणी घाली, बेलफळाचा चीक घाली, आणि बोटावर घेऊन चाखी. “अजून नाही,” म्हणे. बैल हाकायचे काम राजाकडे होते. पहिल्या दिवसांत त्याने दोनदा विचारले, “कधी?” दोन्ही वेळा वरच्या थरातला एक दगड आपणहून सरकला, पाण्याकडे गेला आणि तळाशी जाऊन बसला. राजा उतरून दगड घेऊन आला. त्यानंतर त्याने तो शब्द तोंडाबाहेर येऊ दिला नाही. पोटात मात्र तो शब्द रोज उगवे.

टिटवीच्या खेपा चालूच होत्या. राजा आता वेगळी वाक्ये देई. आज एक थर चढला. आज पाऊस होता, काम बंद. एक बैल आजारी आहे. राणीची वाक्ये येत. शेवंती चालू लागली. शेवंतीला खारे शेंगदाणे आवडतात. तिच्या हनुवटीवर तुमच्यासारखा खळगा आहे. राजाने घाणीजवळ बसून स्वतःची हनुवटी चाचपली. तिथे खळगा आहे हे त्याच्या ध्यानात कधी आले नव्हते.

पावसाळे आले, गेले. नदी चढे, उतरे. पाया तिला बधला नाही. एकदा टिटवी मुलीचे वाक्य घेऊन आली. “बाबा, कधी येणार?” राजा दचकला. त्याने पुलाकडे पाहिले. एकही दगड हलला नव्हता.

“लेकराचे मोजत नाहीत,” काळोजी म्हणाला, आणि दगडावर टाकी चालवू लागला.

आणि एकदा राणीचे वाक्य आले. “शेवंती विचारते बाबा दिसतात कसे, आणि सांगता सांगता माझे मलाच नीट आठवेनासे होते.”

त्या दिवशी राजाने बैल सोडले नाहीत. अंधार पडला तरी तो घाणीभोवती फिरत राहिला. काळोजीनेच येऊन बैलांची जुवे उतरवली. मग दोघे काठावर बसले. काळोजीने आपली भाकरी मोडून अर्धी पुढे केली. भाकरी अळणी होती. दोघांनी खाल्ली.

शेवटची कमान जुळली. पूल या काठापासून त्या काठापर्यंत आला. पण खाली लाकूड होते आणि चुना ओला होता. काळोजीने ओळंब्याची दोरी सोडून कमान सरळ आहे का ते पाहिले, दगडाला कान लावला आणि म्हणाला की थंडी सरायला हवी. मग रेवजीचे श्राद्ध होते म्हणून तो आपल्या गावी गेला. राजा पुलाच्या तोंडाशी एकटा राहिला.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या टोकाला एक मुलगी आली. परकराचा ओचा खोचलेला, केस मोकळे. तिने हात उंच केला. राजाने हात उंच केला. ती हसली हे एवढ्या लांबूनही कळले, आणि ती पुलावरून धावत निघाली.

राजा उभा राहिला. त्याला फक्त उभे राहायचे होते. मुलगी आपणहून त्याच्याकडे येत होती. ती दुसऱ्या कमानीवर आली तेव्हा तिच्या पायाखाली सांध्यातून ओला चुना निथळला. राजाच्या कानाला दगडाचा आवाज आला. काळोजीला येतो तसा.

“थांब,” राजा ओरडला. “मागे फिर.”

मुलगी थांबली. तिला वाटले ऐकण्यात चूक झाली. तिने एक पाऊल पुढे टाकले.

“मागे फिर. घरी जा.”

बापाने लेकीशी समोरासमोर बोललेले हे पहिले शब्द. शेवंती काही वेळ तिथे उभी राहिली. मग वळली. जाताना तिने मागे पाहिले नाही. ती काठाला लागेपर्यंत राजा श्वास धरून होता. ती लागली. मग तो खाली बसला. छातीवरची सुपारी त्या दिवशी इतकी जड झाली की त्याला सकाळपर्यंत उठता आले नाही.

त्यानंतर टिटवी आली, पण रिकामी. पुन्हा आली, पुन्हा रिकामी. राजा वाक्ये देत राहिला. आज थंडी होती. आज ऊन बरे पडले. उत्तर आले नाही. पूल समोर होता. त्यावरून पलीकडे पळत जायला काहीच लागत नव्हते. राजा रोज सकाळी त्याच्या तोंडाशी जाई, दगडावर तळहात ठेवी आणि परत येई.

काळोजी आला. त्याला राजाने घडले ते सांगितले. काळोजीने ऐकून घेतले आणि विचारले, “तुम्ही गेला नाहीत?”

“नाही.”

काळोजीने खांद्यावरचे गाठोडे खाली ठेवले. मग म्हणाला, “पूल होईल.”

थंडी सरली. पळसाला फुले आली. काळोजीने दगडाला कान लावला आणि या खेपेला त्याने लवकर काढला नाही. मग उठून पाचरा ठोकायचा हातोडा घेतला. लाकूड काढायचे होते. रीतीप्रमाणे तो कमानीखाली बसायला निघाला. राजाने त्याच्या दंडाला धरले.

“तू पाचरा काढ,” राजा म्हणाला, आणि कमानीखाली जाऊन बसला.

वर हातोड्याचे घाव पडू लागले. एक पाचर निघाली. दुसरी निघाली. लाकूड करकरले आणि कोसळून पाण्यात गेले. राजाच्या डोक्यावर चिमूटभर चुन्याची पूड पडली. आणखी काही पडले नाही. पूल आपल्या पायावर उभा होता. छातीशी बांधलेला शेला सैल झाला. राजाने चाचपले. सुपारी साध्या सुपारीएवढी हलकी झाली होती.

राजा वर आला आणि पुलावर चढला. समोरून राणी आणि शेवंती येत होत्या. मधल्या कमानीवर दोघींची पावले थांबली. राणीच्या कानशिलाचे केस पांढरे झाले होते. तिने राजाच्या हातांकडे पाहिले, चुन्याने खाल्लेल्या बोटांकडे, नसलेल्या नखांकडे. तिने पदर तोंडाला लावला. एवढी वर्षे एकेक वाक्य तोलून पाठवलेली माणसे ती. आता मोकळीक मिळाली तर शब्द येईनात.

शेवंती आईच्या पुढे येऊन उभी राहिली. तिची मान ताठ होती. ती बापावरच गेली होती.

“तुम्ही मला परत पाठवले,” ती म्हणाली.

“हो.”

“का?”

“चुना ओला होता.”

शेवंतीने खाली पाहिले. टाच उचलून तिने दगडावर जोरात आपटली, एकदा, दोनदा. दगड हलला नाही.

“आता?”

“आता वाळला.”

मग ती पुढे आली आणि तिने बापाची हनुवटी बोटाने चाचपून पाहिली.

शाप सरला आणि नदी पुन्हा नावा पेलू लागली. सुना माहेरी गेल्या, जुनी बाशिंगे नव्या मुंडावळ्यांनी सजली. पलीकडच्या खाऱ्या तळ्यांचे मीठ पुलावरून बैलगाड्यांनी आले आणि राज्यातली आमटी पुन्हा आमटी झाली. टिटवी काठावरच्या दगडात घरटे करून राहिली. ती मग माणसाच्या वाणीने कधी बोलली नाही. काळोजीला त्याचे मोल मिळाले. त्याने मधल्या कमानीच्या एका दगडावर रेवजीचे नाव कोरले. राजाने आपले नाव कुठे कोरू दिले नाही.

गहिरीवरचा तो पूल वाळला, टिकला, माणसांना माणसांपर्यंत पोचवत राहिला. ऐकणाऱ्यांचे जे अडले असेल, तेही तसेच पार पडो.